धोंडू भेकराचं चौसष्ट पानी बोलावणं

एका जंगलात, मुलांनो, मधोमध एक घळ होती. घळ म्हणजे दोन डोंगरांमधली खोल चीर. अर्धं जंगल घळीच्या अलीकडे, अर्धं पलीकडे. राज्य मात्र एकच, वाघमहाराजांचं. महाराज अलीकडे झोपत आणि पलीकडे जेवत. त्यामुळे अलीकडच्या प्रजेला त्यांच्याबद्दल प्रेम वाटे आणि पलीकडच्या प्रजेला आदर.

घळ ओलांडणं सगळ्यांना जमत नसे. वानरं झाडावरून झाडावर झेपा घेऊन जात. मांजरांच्या जातीतले एका पडलेल्या उंबराच्या खोडावरून जात. बाकीच्यांनी आपापल्या काठावर जन्म काढायचा. पलीकडे काही सांगायचं असलं, तर धोंडू भेकराला सांगायचं.

भेकर तुम्ही पाहिलं नसेल. ते दिसतं हरणासारखं आणि ओरडतं कुत्र्यासारखं. अंग बकरीएवढं, पण आवाज दोन डोंगर ओलांडतो. धोंडूच्या घराण्यात निरोप्याचं काम पिढीजात होतं. वणवा लागल्याची खबर त्याच्या आजोबांनी दिली होती. त्या खबरीने पलीकडचे निम्मे ससे वाचले, आणि सशांच्या हिशोबाने ते आता पूर्वीपेक्षा जास्त झाले होते.

धोंडू काठावरच्या खडकावर उभा राही, मान वर करी आणि ओरडे. पलीकडे ऐकू जाई. एका श्वासात काम होई.

एके दिवशी सकाळी दरबारातून निरोप आला, 'महाराज गेले आंघोळीला, जेवायला उशीर होईल.' धोंडूने तो शब्दन् शब्द दिला. पण वारा उलटा होता. पलीकडे फक्त 'महाराज गेले' एवढंच पोचलं.

पलीकडे लगेच शोकसभा भरली. रानडुकराने भाषण केलं. महाराज तसे वाईट नव्हते, पण गेले ते वेळेवर गेले, असा भाषणाचा सूर होता. महाराज आंघोळ करून, अंग झटकत तिथे पोचले, तेव्हा आभारप्रदर्शन चाललं होतं.

रानडुकराचं पुढे काय झालं, ते मी तुम्हाला सांगणार नाही. महाराजांना त्या दिवशी जेवायला उशीर मात्र झाला नाही.

दुसऱ्या दिवशी धोंडूला दरबारात उभं केलं. तो मान खाली घालून उभा होता. तेव्हा त्याच्या बाजूने बोलायला एकच जण पुढे आला. ते म्हणजे कोल्हेसाहेब.

कोल्हेसाहेब नुकतेच शहरातून आले होते. तिथे एका मोठ्या कचेरीच्या जिन्याखाली त्यांनी तीन वर्षं काढली होती. कचेरीतलं उष्टं आणि कचेरीतलं ज्ञान, दोन्ही त्यांनी भरपूर घेतलं होतं.

"महाराज, दोष धोंडूचा नाही," ते म्हणाले. "दोष आवाजाचा आहे. आवाजात कुठला शब्द कशाबद्दल आहे, ते शब्द स्वतः सांगत नाही. तो कुठे सुरू झाला आणि कुठे संपला, तेही सांगत नाही. शहरात असा निरोप कोणी शिवणारसुद्धा नाही."

"मग शहरात काय करतात?" महाराजांनी विचारलं.

"शहरात प्रत्येक गोष्ट दोन पानांच्या मध्ये ठेवतात. आधीच्या पानावर लिहायचं की आता अमुक येणार आहे. मग ते अमुक. मग आणखी एक पान, त्यावर लिहायचं की अमुक संपलं. शेवटच्या पानाला एक तिरकी चीर पाडायची, म्हणजे ते शेवटचं आहे हे कळतं. अशी पानं पानांत, ती पानं आणखी पानांत. सगळ्यावर पाकीट. या पद्धतीला क्षमल म्हणतात."

"आणि ते पाकीट पलीकडे जाणार कसं?"

"घळीवर कोळिणीकडून जाळं विणून घेऊ. पाकीट धाग्यावरून सरकत जाईल. तिला म्हणतात जाळेसेवा."

महाराजांना यातलं काही कळलं नाही, म्हणून ते फार आवडलं. त्याच दुपारी फर्मान निघालं. घळीपलीकडे तोंडी निरोप द्यायला बंदी. जो ओरडेल, त्याचा पाणवठा पावसाळ्यापर्यंत बंद. पलीकडच्यांनीही क्षमल बोलावणं आल्याशिवाय इकडे यायचं नाही, असं सर्वांकडून लिहून घेतलं.

धोंडूची नोकरी गेली. पण तो कोल्हेसाहेबांचा मिंधा झाला. आपल्या आवाजामुळे एक रानडुक्कर गेलं, हे त्याच्या मनातून जात नव्हतं. त्या दिवसापासून तो कुजबुजत बोलू लागला. घरीसुद्धा.

"अहो, जरा मोठ्याने बोला," त्याची बायको चंद्री म्हणायची. "मला वाटतं, घरात कोणी आजारी आहे."

"मोठ्याने बोलून काय झालं ते पाहिलंस ना," तो कुजबुजायचा.

असे दिवस गेले. चंद्रीला दिवस राहिले. वैशाखातल्या एका सकाळी करवंदीच्या जाळीत तिला कळा सुरू झाल्या.

चंद्री पहिलटकरीण होती. ऊन वर आलं तरी काही होईना. धोंडूने चाटून पाहिलं, पाला आणून घातला, चार फेऱ्या मारल्या. शेवटी चंद्रीच म्हणाली, "बाळ आडवं आलंय. माझ्याने होत नाही. मावशीला बोलवा."

मावशी म्हणजे वेणूमावशी वानरीण. ती पलीकडे राहायची. जंगलातली निम्मी पिल्लं तिच्या हातांवर जन्मलेली. वय झालं होतं, केस पांढरे पडले होते, पण अडलेल्या मादीच्या पोटावर तिने हात फिरवला की बाळ आपोआप सरळ होतं, असं सगळे म्हणत.

धोंडू धावत काठावरच्या खडकावर गेला. पलीकडे मावशीचं झाड दिसत होतं. झाडावर मावशीही दिसत होती. त्याने मान वर केली. तोंड उघडलं.

त्याला रानडुक्कर आठवलं. पाणवठा आठवला. वैशाखात पाणवठा बंद झाला, तर ओली बाळंतीण काय पिणार? त्याने तोंड मिटलं आणि जाळेसेवेच्या खिडकीकडे पळाला.

खिडकी म्हणजे ऐनाच्या बुंध्यातली ढोली. तिथे सरडा तपासनीस बसायचा.

"मावशीला निरोप द्यायचाय," धोंडू कुजबुजला. "चंद्री अडलीय, लवकर ये, एवढाच."

सरड्याने मान हलवली. सरड्याची मान नेहमीच हलते, त्यामुळे तो हो म्हणतोय की नाही, ते कळायला थोडा वेळ जाई. हे नाही होतं.

"एवढाच निरोप नसतो. क्षमल करून आणा. पाकीट, पाकिटात मथळा, मथळ्यानंतर गाभा, गाभ्यात निरोप. नमुना बाहेर टांगलाय."

नमुना तीन फांद्यांवर टांगलेला होता. धोंडूने तो पाठ केला. पळसाची पानं तोडली. आयुष्यात त्याने कधी काही लिहिलं नव्हतं. खुराने ओरखडे काढत काढत लिहिलं. शिंपी पक्ष्याकडून पाकीट शिवून घेतलं. हे सगळं होईपर्यंत सावली हातभर सरकली. जाळीतून चंद्रीचं कण्हणं ऐकू येत होतं.

सरड्याने पाकीट उसवलं आणि पानं मोजत खाली आला. मान हलली.

"एकोणिसाव्या पानाला चीर नाही. म्हणजे 'पत्ता' उघडला तो मिटलाच नाही. या हिशोबाने पुढचा सगळा निरोप पत्त्यातच आहे."

धोंडूने दाताने चीर पाडली. "आता?"

"आता पुढे. तुम्ही 'प्रसूती' उघडलीत. तिच्या आत 'चंद्री' उघडलीत. मिटवताना मात्र आधी प्रसूती मिटवलीत."

"आधी प्रसूतीच मिटू दे की साहेब. त्याचसाठी तर आलोय."

"तसं चालत नाही. जे आत उघडलं, ते आधी मिटलं पाहिजे. आधी चंद्री मिटवा, मग प्रसूती."

धोंडू एक पाऊल मागे सरला. "साहेब, असं अभद्र बोलू नका."

"मी बोलत नाही. नमुना बोलतो."

धोंडूने पानं खाली अंथरली. त्याने आधी चंद्री मिटवली आणि मग डोळे घट्ट मिटून थोडा वेळ थांबला. जाळीतून कण्हणं आलं. मग त्याच्या जिवात जीव आला. त्याने प्रसूती मिटवली आणि पाकीट परत शिवून आणलं.

सरडा पुन्हा वरपासून सुरू झाला. एकदा चूक निघाली की वरपासून सुरू करायचं, असा नियम होता.

"बाळाचं नाव?"

"बाळ अजून झालेलं नाही."

"रिकामं चालत नाही. सक्तीचं पान आहे."

"मग काय लिहू?"

"ते मी सांगू शकत नाही. चूक काय ते सांगणं माझं काम. बरोबर काय, ते सांगायला माणूस नेमलेला नाही."

धोंडू विचार करू लागला. इतक्यात कोल्हेसाहेब फेरी मारत तिथे आले. धोंडूने पुढचे दोन्ही पाय टेकले.

"साहेब, माझी बायको मरेल हो. आजच्या दिवस मला ओरडू द्या. एकदाच. तीन शब्द."

कोल्हेसाहेब वाईट नव्हते, मुलांनो. त्यांचे डोळे खरोखरच पाणावले. "धोंडू, तुझा त्रास मला दिसतो. पण थोडा लांबचा विचार कर. हा निरोप एकदा बरोबर बांधला, की शंभर वर्षांनी कोणीही उघडला तरी त्याला नेमका अर्थ कळेल."

"शंभर वर्षांनी नको साहेब. आत्ता एकीला कळला तरी पुरे."

"तेही होईल. लिही, लिही. अगदी जवळ आलायस." त्यांनी त्याची पाठ थोपटली आणि ते पुढे गेले.

धोंडूने बाळाच्या नावाच्या जागी 'अजून नाही' असं लिहिलं. सरड्याने ते पाहिलं. दोन शब्दांचं नाव चालतं का, ते नमुन्यात बघितलं. चालत होतं. मान हलली. या वेळी ते हो होतं.

एकूण चौसष्ट पानं झाली होती. त्यांतल्या त्रेसष्टांवर निरोप कसा वाचावा ते होतं. एकावर होतं, 'मावशी, लवकर ये.'

कोळिणीने पाकीट उचलून पाहिलं, वजन बेताचं आहे म्हणाली आणि धाग्यावर सोडलं. पाकीट घळीवरून सरसरत गेलं. थोड्याच वेळात धाग्यावरून एक चिमुकलं पान परत आलं. सरड्याने ते वाचून दाखवलं. "निरोप सुखरूप पोचला. दोष शून्य. ही घ्या पोच."

धोंडू ती पोच तोंडात धरून रडत रडत जाळीकडे धावला. "चंद्रे, पोचला! मावशी येतेय!"

चंद्रीला बोलवत नव्हतं. तिचे डोळे पांढरे होऊ लागले होते. धोंडू तिच्या मानेखाली मान देऊन बसला आणि वाट पाहू लागला.

जरा वेळाने पाचोळा वाजला. धोंडूने आशेने वर पाहिलं. जाळीच्या तोंडाशी एक रानमांजर उभं होतं. अंग स्वच्छ चाटलेलं, शेपटी नीट गुंडाळलेली.

"मला बोलावलंत?" रानमांजरीने विचारलं.

"नाही हो. मी मावशीला बोलावलं."

"मीच मावशी. महाराजांची. वाघाची मावशी कोण, ते लहान पोरालाही ठाऊक असतं. जाळेसेवेच्या शब्दकोशात 'मावशी' हा शब्द राजघराण्यासाठी राखून ठेवलाय. तुमची कुठली दुसरी मावशी असली, तर शब्दाच्या मागे तिचं घराणं लावायला हवं होतं. नमुन्यात आहे ते. तिसऱ्या फांदीवर, मागच्या बाजूला."



"सुईणपण मला येत नाही," मांजर प्रामाणिकपणे म्हणाली. "पण बाळ होणार असं वाचलं. बाळांची मला लहानपणापासून आवड आहे. मी इथे बसते. माझी घाई नाही."

आणि ती पंजे पोटाखाली घेऊन बसली.

तेव्हा धोंडूच्या आत काहीतरी तुटलं. त्याने शिंगं खाली केली. भेकराची शिंगं बोटभरच असतात, पण ती डोळ्यांच्या उंचीवर येताना पाहिली की मोठी दिसतात. मांजर उठली. "हे बोलावण्यात नव्हतं," असं म्हणून ती झाडावर चढली.

धोंडू खडकाकडे पळाला. पाणवठा बंद झाला तर दव चाटू, असं तो स्वतःशी म्हणत होता. वारा कुठला आहे, तेही त्याने पाहिलं नाही. महिन्यांमागून महिने कुजबुजून त्याचा घसा गंजला होता. पहिला आवाज खरखरीत निघाला. दुसरा फाटका. तिसरा मात्र दोन डोंगरांवर आपटला आणि घळीतून गरगरत वर आला.

"मावशीऽऽ! चंद्री अडलीय! ये!"

पलीकडच्या झाडाचं शेवटचं टोक हललं. मावशी तिथेच बसलेली होती. टोकावर. झेप घ्यायच्या बेतात.

"आलेऽऽ!" तिने ओरडून उत्तर दिलं. "सकाळपासून तिचं कण्हणं ऐकतेय रे मी! बोलावशील म्हणून इथे येऊन बसले! बिनबोलावता आले तर झाड काढून घेतील माझं!"

आणि तिने झेप घेतली.

पुढचं थोडक्यात सांगतो. मावशीने चंद्रीच्या पोटावर हात फिरवला. लोक म्हणत होते तसं बाळ आपोआप काही सरळ झालं नाही. मावशीने दात आवळून, घाम गाळून, चंद्रीला दोनदा शिव्या घालून ते सरळ केलं. ऊन कलायच्या आत बाळ झालं. मादी होती. ओली, ठिपक्याठिपक्यांची, पायांची कात्री झालेली. चंद्रीने डोळे उघडले आणि पाणी मागितलं. मावशीने पानाच्या द्रोणातून पाणी आणलं आणि वरच्या फांदीवर बसलेल्या मांजरीला एक दगड मारला.

दुसऱ्या दिवशी चौकशी झाली.

"धोंडू ओरडला, हे खरं?" महाराजांनी विचारलं.

"खरं," धोंडू म्हणाला. तो कुजबुजला नाही. दरबारातले दोन पोपट दचकून उडाले.

सरड्याने कागदपत्रं मांडली. क्षमल बोलावण्यावरून एक मावशी आली, तिची नोंद होती. दुसरी मावशी कोणत्याही बोलावण्याशिवाय आली, त्यामुळे ती आली नव्हती. ती आली नव्हती, तर बाळ कोणी सोडवलं? बाळाची तर नोंद होती, 'अजून नाही' या नावाने.

"पाणवठा बंद," महाराज जांभई देत म्हणाले.

पुन्हा कोल्हेसाहेबच पुढे आले. "महाराज, धोंडू आमच्या सेवेचा ग्राहक आहे. त्याने पाणी पिणं सोडलं तर सेवेचं नाव वाईट होईल. त्यापेक्षा त्याने घडलेलं सगळं नियमात बसवून द्यावं. मावशीला रीतसर बोलवावं. घराणं लावून."

"पण मावशी येऊन गेली," धोंडू म्हणाला. "बाळ झालं."

"म्हणूनच आता सोपं आहे. आता सगळी पानं भरता येतील."

आणि खरंच सोपं होतं. बाळाचं लिंग माहीत होतं, वेळ माहीत होती, काही रिकामं राहिलं नाही. धोंडूला आता चिरा पाडायची सवय झाली होती. सरड्याने पाकीट वरपासून खालपर्यंत तपासलं. एकही चूक निघाली नाही. त्याने ते दुसऱ्यांदा तपासलं, कारण असं कधी झालंच नव्हतं.

कोल्हेसाहेबांनी समारंभ ठेवला. पहिल्याच तपासणीत निर्दोष ठरलेला पहिला निरोप पाठवल्याबद्दल धोंडूच्या गळ्यात रानजाईची माळ घातली. दोन शब्द बोलण्याची विनंती केली, आणि लगेच, घाईघाईने, ते लिहून द्यायला सांगितलं. धोंडूने माळ चंद्रीला दिली. तिने ती खाल्ली. बाळंतिणीला हिरवं चांगलं असतं. पाणवठा उघडा राहिला.

पाकीट मात्र लगेच गेलं नाही. सणासुदीला सगळ्यांनी एकमेकांना शुभेच्छा पाठवल्या होत्या आणि धाग्यांवर गर्दी होती. ते पलीकडे पोचलं बाराव्या दिवशी.

बाराव्या दिवशी सकाळी वेणूमावशी पाकीट काखेत मारून झेप घेऊन आली. आता तिच्याकडे बोलावणं होतं, म्हणून तिला कोणी अडवलं नाही. पिल्लू जाळीबाहेर उभं राहून पहिल्यांदाच गवताला नाक लावत होतं.

"हे आलं बाबा तुझं," मावशी म्हणाली. "मला वाचता येत नाही. एवढं जाडजूड काय लिहिलंयस?"

धोंडूने पाकीट उलटंसुलटं केलं. "लवकर ये, असं लिहिलंय."

"आले की," मावशी म्हणाली, आणि पिल्लाला मांडीवर घेऊन त्याच्या कानातल्या गोचिड्या काढत बसली.

तात्पर्य : निरोप पोचला की नाही, याची काळजी करू नये. पोच मिळाली म्हणजे झालं. बाळं आपापल्या वेळेला होतातच.